हिंदू जन्मावाच लागतो का?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी सहा वर्षांपासून जर्मनीत, डॉर्टमुंडला नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरतंय. मुलगा शांत आहे, मराठी शिकतोय, मला 'आई' म्हणतो. आम्ही काहीही सुचवलेलं नसताना त्यानेच विचारलं, की मला हिंदू व्हायचं आहे, अर्ज कुठे करायचा? आमच्या घरच्या गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, ''हिंदू जन्मावा लागतो, होता येत नाही.'' माझे दीर म्हणतात, आर्य समाजात तासाभरात होतं. यातलं खरं काय? आणि झालाच तर त्याचं गोत्र कोणतं सांगायचं, जात कोणती? लग्न जानेवारीत करायचं चाललंय.
— एक आई, चिंचवड

उत्तर : ताई, तुमच्या होणाऱ्या जावयाने 'अर्ज कुठे करायचा' असं का विचारलं, ते माझ्या लगेच लक्षात आलं. जर्मनीत धर्म सरकारदरबारी नोंदलेला असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चमध्ये नाव असलेल्या माणसाच्या प्राप्तिकरावर आणखी ८ किंवा ९ टक्के चर्चचा कर बसतो आणि तो पगारातूनच कापला जातो. चर्च सोडायचं तर तुमची लेक राहते त्या भागात स्थानिक न्यायालयात जाऊन तसं लिहून द्यावं लागतं. अशा देशात वाढलेल्या मुलाला वाटणारच, की एका खिडकीवर नाव कमी केलं की दुसऱ्या खिडकीवर ते घालता येईल. आपल्याकडे ती खिडकी नाही. काशीला नाही, शृंगेरीला नाही, पंढरपूरलाही नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाला गुरुजी एक उत्तर देतात, दीर दुसरं देतात, आणि दोघांच्याही बोलण्याला काही ना काही आधार असतो.

गुरुजींचा आधार मला ठाऊक आहे. आपले संस्कार गर्भाधानापासून, म्हणजे जन्माच्याही आधीपासून सुरू होतात. कुळ आणि गोत्र जन्माने मिळतं. शेकडो वर्षं आपण धर्म पाळला तोही जातीच्या चौकटीत. बाहेरच्याला जातीत घेता येत नाही, मग धर्मात कसं घ्यायचं, असा हा हिशेब. माझे वडील भिक्षुकी करायचे, त्यांचंही मत हेच होतं. मी ते सोडलं नाशिकच्या पांडवलेण्यांत.

साताऱ्याला शाळेत संस्कृत शिकवत होते तेव्हाची गोष्ट. नववीच्या मुलांची सहल घेऊन गेले होते. १० क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. ते कोरून घेणारा उषवदात, संस्कृतात ऋषभदत्त. बापाचं नाव दिनीक, सासऱ्याचं नहपान. ही माणसं शक, म्हणजे बाहेरून आलेली. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा माणूस त्या लेखात सांगतो, की मी तीन लाख गाई दान दिल्या, नद्यांना घाट बांधले, प्रभास तीर्थावर ब्राह्मणांची आठ लग्नं लावून दिली, दर वर्षी एक लाख ब्राह्मणांना जेवू घालतो. ते लेणं मात्र त्याने बौद्ध भिक्खूंना दिलं आहे! एका मुलीने मला विचारलं, ''बाई, मग हा हिंदू कधी झाला?'' मला तारीख सांगता येईना. वाटेत घरी येईपर्यंत मी त्याच प्रश्नावर होते. तो तीर्थाला गेला, दान दिलं, इथलं नाव घेतलं, इथल्या लोकांत मिसळला, आणि झाला. मध्य प्रदेशात विदिशाजवळ हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूताने वासुदेवाचा गरुडध्वज उभारला, तो तर याच्याही आधी, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. तो स्वतःला 'भागवत' म्हणवतो. तेव्हा 'होता येत नाही' हे म्हणणं निदान त्या काळाला लागू नव्हतं.

पुढे समाज आक्रसला आणि प्रश्नच बदलला. नवा कसा घ्यायचा हे कोणी विचारेना, गेलेला परत कसा घ्यायचा एवढंच उरलं. देवलस्मृती त्यासाठीच आहे. सिंधूच्या काठी बसलेल्या देवल मुनींना ऋषी विचारतात, की ज्यांना म्लेंच्छांनी बळाने नेलं त्यांचं काय करावं, आणि देवल एकेकासाठी प्रायश्चित्त सांगतात. नेताजी पालकरांना शिवाजी महाराजांनी १६७६ साली परत घेतलं ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण राजा घेतो तेव्हा गोष्ट वेगळी. १८४३ मध्ये मुंबईत श्रीपत शेषाद्री नावाचा एक मुलगा मिशनऱ्यांच्या घरी राहिला. थोरला भाऊ ख्रिस्ती झालेला, याचा अजून बाप्तिस्माही झाला नव्हता. न्यायालयाने मुलगा बापाच्या हवाली केला. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन घरात घ्यायचं ठरवलं, तर सनातनी मंडळी बाळशास्त्रींवरच उलटली, त्यांना वाळीत टाकायला निघाली. पोराचा दोष काय, तर तो त्यांच्या घरी जेवला.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते १९२८ या एका वर्षाने. त्या वर्षी मार्चमध्ये नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीला हिंदू धर्मात घेतलं आणि तिचं नाव शर्मिष्ठा ठेवलं. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांशी तिचं लग्न व्हायचं होतं. नुसतं हिंदू होऊन भागेना, जातही हवी होती. तेव्हा धनगर समाजातल्या एका घराने तिला लेक म्हणून दत्तक घेतलं आणि मग लग्न लागलं. त्याच वर्षी गोव्यात मसूरच्या विनायक महाराजांनी सात हजारांहून जास्त ख्रिस्ती गावड्यांना हिंदू करून घेतलं. पोर्तुगीज अमलात ज्यांचे पूर्वज बाटवले गेले, अशी ही कष्टकरी माणसं. विधी झाले, नावं बदलली. पण त्यांच्याच रक्ताच्या हिंदू गावड्यांनी त्यांच्याशी सोयरीक केली नाही, आणि ख्रिस्ती गावड्यांशीही नातं तुटलं. कितीतरी वर्षं ते 'नवहिंदू गावडे' म्हणून तिसरेच राहिले, आपसातच लग्नं करत राहिले. राणीसाठी घर सापडलं, शेतमजुरांसाठी नाही. ताई, विधी कोणीही करील. मुलाला घरात कोण घेणार, हे तुम्ही मला सांगायचं आहे. म्हणून मी पुढे जे सांगते ते थोडं तुमच्यासाठीही आहे.

निवृत्तीनंतर मी पौरोहित्य शिकले. आजवर नऊ जणांचा धर्मप्रवेश माझ्या हातून झाला. 'शुद्धी' हा शब्द मी वापरत नाही. जो माणूस आपण होऊन, प्रेमाने दारात येतो, तो अशुद्ध कसा? लग्नाच्या तीन दिवस आधी एका वरमाईंचा फोन आला होता, ''मुलीचं तेवढं शुद्धीकरण उरकून घ्या, पाहुण्यांना सांगायला बरं.'' मी मुलीला फोनवर बोलावून विचारलं, ''तुला हे हवंय का?'' ती गप्प. मी ते काम घेतलं नाही, आणि पुन्हा तसं कोणी विचारलं तरी घेणार नाही.

माझी पद्धत अशी आहे, की आधी एक वर्ष द्यायचं. एका आषाढीपासून दुसऱ्या आषाढीपर्यंत. वर्षभरात पाडवा येतो, गणपती येतात, पितृपक्ष येतो, दिवाळी, संक्रांत, होळी येते. सणाच्या दिवशी सगळ्यांनाच आवडतं. पितृपक्षात तुमच्या सासऱ्यांच्या नावाने पान वाढताना तो मुलगा स्वयंपाकघरात उभा राहिला, 'हे कशासाठी' म्हणून विचारलं, त्याला स्वतःचे आजोबा आठवले, तर मला कळतं की हा नुसता मुलीसाठी येत नाहीये. डॉर्टमुंडपासून जवळच हाम गावी कामाक्षी अम्मनचं मोठं देऊळ आहे. श्रीलंकेतून परागंदा झालेल्या तमिळ लोकांनी ते उभं केलं, २००२ साली तिथे प्रतिष्ठा झाली. त्या लोकांनी परक्या भूमीवर आपला देव कसा सांभाळला ते त्याला बघू दे. तिथल्या रथोत्सवाला दोघांनी मिळून जावं. वाचायला म्हणाल तर गीता, आणि तुम्ही रोज संध्याकाळी जे म्हणता ते. शुभंकरोति, रामरक्षा, जे काही असेल.

वर्ष सुरू करण्याआधी एक गोष्ट मी प्रत्येकाला करायला लावते. आईला सांगून ये. हवाई बेटांवर एक शैव मठ आहे, तिथे मूळचे अमेरिकन संन्यासी आहेत. येणाऱ्याने आपल्या जुन्या धर्मगुरूला समक्ष भेटून, त्याच्याशी बोलून, रीतसर निरोप घेऊनच यावं असा त्यांचा दंडक आहे. मला तो फार पटला. सांगलीच्या एका घरात अर्जेंटिनाची सून येणार होती. मी विचारलं, ''आईला कळवलंस?'' ती रडायला लागली. मी म्हटलं, आधी जा. सहा महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिच्या आईने हाताने विणलेला पांढरा लेसचा रुमाल पाठवला होता. पूजेच्या दिवशी चौरंगावर आम्ही तोच अंथरला.

प्रत्यक्ष विधी सकाळच्या तीन तासांत होतो. अभ्यंगस्नान, नवं वस्त्र, मग संकल्प. संकल्प तो स्वतःच्या तोंडाने करतो, संस्कृतात आणि स्वतःच्या भाषेतही, कारण ज्या भाषेत माणूस मनाशी बोलतो त्या भाषेत तो झाला पाहिजे. गणपतिपूजन, पुण्याहवाचन, होम, गायत्रीचा उपदेश. शेवटी नामकरण. तबकात तांदूळ पसरून अंगठीने नाव लिहायचं आणि बाळाच्या बारशासारखं कानात सांगायचं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. सांगलीच्या त्या मुलीला इथे आत्या कुठली? कोण सांगणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते, तेवढ्यात शेजारच्या सत्तरीच्या आजी पुढे आल्या, ''मी तिची आत्या'' म्हणाल्या आणि कानाशी वाकल्या. ती मुलगी आजही दिवाळीला आधी त्यांच्याकडे जाते. ताई, तुमच्या घरातून हे काम कोण करणार ते आत्ताच ठरवून ठेवा. दिरांना किंवा नणंदेला विचारा.

गोत्र सोपं आहे. ज्याला गोत्र माहीत नाही त्याने काश्यप सांगावं, ही जुनीच रीत आहे. जात कोणतीच नाही. त्याला तुमच्या जातीत बसवायची खटपट कृपा करून करू नका. होळकरांच्या काळात ती करावी लागली, तुम्हाला गरज नाही. कोणी विचारलं तर 'आमचे जावई' एवढं सांगा.

तुमच्या दिरांचंही खोटं नाही. आर्य समाजात होम करून, गायत्री देऊन त्याच दिवशी प्रमाणपत्र मिळतं, आणि ज्याची तयारी आधीच झाली आहे त्याच्यासाठी तो मार्ग उत्तम आहे. कायदा तर विधीचाही आग्रह धरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली तमिळनाडूतल्या एका खटल्यात सांगून ठेवलं आहे, की माणूस जन्माने हिंदू असू शकतो किंवा धर्मांतराने होऊ शकतो. नुसतं तोंडाने म्हणून भागत नाही, पण मनापासून इच्छा असेल आणि वागण्यातून ती निःसंशय दिसत असेल तर शुद्धीच्या विधीची गरज नाही. त्या खटल्यातली बाई जन्माने ख्रिस्ती होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही धर्मांतर करून आलेल्याला हिंदू म्हणूनच धरलं आहे. आणि हिंदू कोणाला म्हणावं हा प्रश्न १९६६ साली त्याच न्यायालयापुढे आला, तेव्हा आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लोकमान्यांची व्याख्या आधाराला घेतली : 'प्रामाण्यबुद्धिर्वेदेषु साधनानामनेकता । उपास्यानामनियमः'. वेदांविषयी आदर, मार्ग अनेक, देव कोणता भजावा याला नियम नाही. यात जन्माचा शब्द नाही. गुरुजींना हे जरूर दाखवा, पण वाद घालायला नको. घरच्या गुरुजींनी त्या दिवशी आशीर्वाद द्यायला यावं एवढीच विनंती करा.

आता जानेवारीचं. धर्मप्रवेश लग्नाच्या तारखेला बांधू नका. दोघांचे धर्म वेगळे असताना हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होत नाही, पण १९५४ चा विशेष विवाह कायदा त्यासाठीच आहे. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेलं असावं लागतं आणि नोटिशीनंतर आणखी ३० दिवस थांबावं लागतं, म्हणून आत्ताच हालचाल करा. नाहीतर जर्मनीत नोंदणी करून या. मग घरी अंतरपाट धरा, मंगलाष्टकं म्हणा, सप्तपदी करा. मी येईन. मुलाचा धर्मप्रवेश पुढच्या आषाढीनंतर, त्याचं वर्ष भरलं की. तोवर त्याचं मन बदललं तरी तो तुमचा जावईच राहणार आहे, हे त्याला आधी सांगा.

प्रश्न : आमच्या घरी ब्राझीलची एक मुलगी भाड्याने राहते. पखवाज शिकायला आली, दोन वर्षांपासून वारीत चालते. तिला तुळशीची माळ घालायची आहे. तिने आधी हिंदू व्हायला पाहिजे का?
— एक वाचक, आळंदी

उत्तर : नाही. माळ हीच दीक्षा आहे, आणि ती घालताना जात-धर्म विचारायचा नाही ही वारकरी पंथाची मूळ भूमिका. श्रीगोंद्याचे शेख महंमद जन्माने मुसलमान, नावाने शेवटपर्यंत शेख महंमदच राहिले, आणि संतांच्या मांदियाळीत बसले. 'शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद' हे त्यांचेच शब्द. 'ज्ञानाचा एका, नामयाचा तुका, कबीराचा शेखा' असं आपण म्हणतो, त्यातला शेखा तो हाच.

विचारायचं ते तिला वेगळं विचारा. माळ घातली की मांस-मद्य सोडावं लागतं, एकादशी करावी लागते, रोज हरिपाठ आणि वर्षातून पंढरीची वारी. ब्राझीलला परत गेल्यावर हे कसं सांभाळणार? मी अशा एका मुलाला ओळखते, ज्याने हौसेने माळ घातली आणि घरी जाऊन काढून ठेवली, आणि नंतर अपराधी वाटून त्याने इकडच्या कोणालाही पत्र लिहिलं नाही. ते मला फार लागलं. तुमच्या मुलीला घाई नसेल तर तिने अजून एक वारी करावी. मग दिंडीतल्या महाराजांकडे तुम्ही स्वतः तिला घेऊन जा आणि 'ही आमच्या घरची' असं सांगून शेजारी उभे राहा. आळंदीत तिला माउली भेटली आहे, पण आई-वडिलांच्या जागी उभं राहणारं माणूस लागतं.

हो, एक मात्र तिला आधीच सांगून ठेवा. माळ असली, नाव बदललं, तरी काही देवळांत तिला आत सोडणार नाहीत. पुरीला जगन्नाथाच्या दारावर आणि केरळात गुरुवायूरला फक्त हिंदूंनाच प्रवेश आहे, आणि पारखणारा चेहरा बघून पारखतो. मला हे मान्य नाही. साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून प्राण पणाला लावले, ते आपल्याच घरच्यांसाठी लावावे लागले. बाहेरून प्रेमाने आलेल्यांसाठी असं कोणी अजून बसलेलं नाही.

प्रश्न : धर्म बदलल्याचं कागदोपत्री काय करावं लागतं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ज्या संस्थेत विधी झाला तिचं प्रमाणपत्र, स्वतःचं प्रतिज्ञापत्र, आणि महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव व धर्म बदलल्याची जाहिरात. त्यानंतर बाकीच्या कागदांवर बदल करून घेता येतो. काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवल्यास शिक्षा आहे. म्हणून जिथे विधी करणार तिथला आजचा नियम वकिलाकडून समजून घेऊनच तारीख धरा. परदेशी नागरिकाने आपल्या वकिलातीतही विचारावं.

प्रश्न : आमची सून ख्रिश्चन आहे आणि तिने धर्म बदललेला नाही, बदलणारही नाही म्हणते. मुलाचा वास्तुशांतीचा बेत आहे. ती मुलाबरोबर पूजेला बसली तर चालेल का? लोक म्हणतात, दोष लागतो.
— एक सासूबाई, वसई

उत्तर : चालेल. घर दोघांचं आहे, कर्ज दोघं फेडतात, मग वास्तूपुढे एकटा तो कसा बसेल? दोष लागतो असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, की कोणाला? ज्या वास्तुपुरुषाला आपण 'या घरात राहणाऱ्यांना सांभाळ' म्हणून विनवतो, त्या राहणाऱ्यांत ती आहेच.

तिला बदलायला सांगू नका, सुचवूही नका. ती नाताळला चर्चमध्ये जाते तशी जाऊ द्या. जमलं तर एखाद्या वर्षी तुम्हीही बरोबर जा. पूजेच्या आदल्या दिवशी तिला शेजारी बसवून दुसऱ्या दिवशी काय काय होणार ते सांगा, म्हणजे चारचौघांत ती गोंधळणार नाही. आचमन नको वाटलं तर नको, नवऱ्याच्या हाताला हात लावून बसली तरी पुरतं. आणि गुरुजी तिला उठवतील अशी भीती असेल तर गुरुजी आधी बदला.